सांगितलं तिथेच वाजले

मी जुनी आहे. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला माझ्या तोंडावर म्हणायचे कष्ट नकोत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर, भिंतीला चार स्क्रूंनी आवळलेली फोनची पेटी आहे मी. मूळ रंग पांढरा. आता दात न घासलेल्या माणसासारखा झालाय. पण मित्रांनो, रंग उडाला म्हणून अक्कल उडत नाही, आणि नवा रंग चढवला म्हणून ती येतही नाही. याचा पुरावा पुढे येईलच, काचेच्या केबिनमध्ये बसलेला.

फोनची पेटी म्हणजे फोन नव्हे. बाहेरून तीन तारा माझ्यात येतात आणि सुरुवातीला माझ्यातून बारा तारा निघून बारा टेबलांवर जायच्या. त्या टेबलांवरचे फोन म्हणजे माझी लेकरं. बाहेरून कुणी नंबर लावला की हाक आधी माझ्याकडे येते. मग कुठल्या लेकराला ओरडायला लावायचं, किती वेळा, आणि तिथे कुणी उचललं नाही तर पुढे कुणाला, हे मी बघते. मनानं नव्हे हं. मला जसं शिकवलं असेल तसं. एवढं एक वाक्य ध्यानात ठेवा, कारण माझा सगळा संताप त्याच्यावर उभा आहे.

माझं शिक्षण फार नाही. फोनच्या बटणांवरचे दहा आकडे, एक चांदणी, एक जाळी, संपली विद्या. पण जे शिकले ते विसरले नाही. वीज गेली, परत आली, तरी विसरले नाही. मोठमोठ्या शाळा शिकलेली माणसं दुपारी जेवली की सकाळी काय बोलली ते विसरतात. मी बघितलंय.

माझा जन्म एका लांबच लांब पत्र्याच्या शेडमध्ये झाला. ओळीनं बायका बसायच्या आणि माझ्या पोटातल्या हिरव्या पाटीवर वितळलेल्या शिशाचा एकेक बारीक डाख द्यायच्या. ज्या बाईनं मला डाख दिले तिचा हात एकदाही हलला नाही. पुढे तपासणीच्या टेबलावर मला दिवसभर वाजवून घेतलं. एक घंटी चुकली असती तर परत पाठवली असती. नाही चुकली. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणून सांगते, काय म्हणणं आहे?

मला इथे आणलं ते तारवाल्यानं. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला, हळू बोलणारा माणूस. ताईंच्या खुर्चीमागच्या भिंतीवर त्यानं मला बसवलं. ताई म्हणजे फोन घेणाऱ्या बाई. सगळे त्यांना फोनताई म्हणायचे, आणि पगाराच्या वहीतही तेच नाव असेल अशी मला शंका आहे. तारवाल्यानं ताईंचा फोन पुढे ओढला आणि विचारलं, "बाहेरचा फोन आला की घंटी कुठे वाजवू?"

कंपनीचे मालक, म्हणजे थोरले, शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "माझ्याकडे वाजवा. मालक मी आहे."

"मालक कोण ते नाही विचारलं, साहेब," तारवाला म्हणाला. "टेबल सोडून कधी न जाणारं कोण आहे ते विचारलं."

थोरले तेव्हा हसले. माणूस मुळात वाईट नव्हता. दिवसभर तो या इमारतीतून त्या इमारतीत, लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असायचा. "मग ताईच," ते म्हणाले.

तारवाल्यानं आकडे दाबले, चांदणी दाबली, मी टीप टीप करून होकार दिला. बाहेरची हाक आली की पहिली घंटी ताईंकडे. त्यांनी चार घंट्यांत उचलला नाही तर लिफ्ट दुरुस्तीला जाणाऱ्या मिस्त्रींच्या टेबलावर. संपलं. कुणालाही कळेल असं साधं.

मित्रांनो, पुढची नऊ वर्षं मी ज्या मानानं जगले, तो मान राजवाड्यातल्या घड्याळाला नसेल. या कंपनीचा नंबर शहरातल्या कितीतरी लिफ्टमध्ये पत्र्यावर कोरलेला आहे. लिफ्ट मध्येच अडकली की आतलं माणूस तो नंबर लावतं. घामेजलेलं, घाबरलेलं, काळोखात. त्याला माझी दुसरी घंटी कधी ऐकावीच लागली नाही. ताई उचलायच्या आणि म्हणायच्या, "घाबरू नका. खाली बसा. दाराला हात लावू नका. किती जण आहात?" एवढ्यानंच निम्म्या माणसांचा श्वास जागेवर यायचा. मग ताई मिस्त्रींना हाक मारायच्या, आणि मिस्त्री हत्यारांची पिशवी उचलून जिन्यानं खाली धावायचे. आमच्याच इमारतीच्या लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता, ती गोष्ट वेगळी.

एकदा कुठल्याशा पेढीवरून एक माणूस खास आला आणि म्हणाला, "तुमच्याकडे घंटी वाजायच्या आत फोन उचलतात." मी त्या दिवशी जरा जास्तच गरम झाले होते, असं मिस्त्री म्हणाले. झाले असेन.

मग आले जावईबापू.

थोरल्यांच्या लेकीचं लग्न झालं, आणि जावयाची आधीची नोकरी सुटली की त्यानं सोडली ते कुणी नीट सांगितलं नाही. त्यांच्यासाठी काचेची केबिन उभी राहिली. फिरती खुर्ची आली. माझ्यातून तेरावी तार ओढून एक काळा चकचकीत फोन टेबलावर ठेवला. काम काय, तर देखरेख. कशावर, ते तेव्हाही ठरलं नव्हतं आणि अजूनही ठरलेलं नाही.

पंधरा दिवसांत जावईबापू सासऱ्यांपुढे उभे. "माझा फोन वाजतच नाही," ते म्हणाले. "समोर चार माणसं बसलेली असतात. त्यांना वाटतं, मला इथे फुलदाणीसारखं ठेवलंय."

आता तुम्हीच सांगा, ज्याला कुणी विचारत नाही त्याचा फोन वाजेल कसा? पण थोरल्यांना लेकीचं तोंड दिसलं असणार. त्यांनी तारवाल्याला बोलावलं. बाहेरची घंटी आता आधी थोरल्यांकडे चार वेळा, मग जावईबापूंकडे चार वेळा, आणि मग ताईंकडे.

तारवाल्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "साहेब, फोन आहे हा. लग्नातल्या पंगतीत कोण आधी बसणार, तसं नसतं याच्यात. आत अडकलेला माणूस किती वेळ कानाला धरून बसेल?"

"सांगितलं तेवढं करा," जावईबापू म्हणाले.

"करतो. पेटी तुमची, घंटी तुमची."

तो आकडे दाबायला लागतो न लागतो, तोच मागच्या कारखान्यातून मधले आले. मधले म्हणजे थोरल्यांचे सख्खे भाऊ. दिवसभर लिफ्टचे सुटे भाग घासायच्या यंत्रापाशी उभे राहून अर्धे बहिरे झालेले. पण मान कमी पडतोय हे कुजबुजीतही ऐकू येतं बरं माणसाला. "जावई आधी आणि पाठचा भाऊ कुठेच नाही?" त्यांनी विचारलं. "मी काय भाडेकरू आहे?"

दोन दिवस भाऊ भावाशी बोलले नाहीत. शेवटी तोड निघाली. जावयाच्या मागोमाग मधल्यांचं टेबल, पण त्यांच्याकडे चार नाही, पाच घंट्या. एक घंटी जास्त मिळाली म्हणून मधले खूश. असा हिशेब लहान मुलं खेळण्यांचा लावतात. आणि ती मुलं निदान खेळण्यांशी खेळतात तरी.

आता मोजा. थोरल्यांचे चार, जावयाचे चार, मधल्यांचे पाच. तेरा घंट्या झाल्या की चौदावी ताईंची.

ताई म्हणाल्या, "साहेब, माझ्याकडे येईपर्यंत लोक ठेवून देतील."

जावईबापू हसून म्हणाले, "ताई, तुमचा आराम वाढवला आम्ही. तक्रार कसली करता?"

मी काय करणार? शिकवलं तसं वाजवायचं, हा माझा धर्म. थोरल्यांच्या केबिनमध्ये वाजवलं. तिथे खुर्ची आणि टेबल. थोरले कुठल्यातरी खड्ड्यात. जावईबापूंकडे वाजवलं. ते जागेवर असायचे, पण उचलायचे नाहीत! समोरच्या माणसाकडे बघून नुसते म्हणायचे, "बघा, सारखा वाजत असतो." स्वतः उचलला तर म्हणे कारकुनासारखं दिसतं. मित्रांनो, फोन वाजायला हवा, पण बोलायला नको. असल्या माणसाला फोन कशाला, गळ्यात घुंगरू बांधायचं. मग मधल्यांकडे पाच वेळा वाजवलं. तिथे यंत्र किंचाळतंय, त्यात माझ्या लेकराचा आवाज कोण ऐकतो? आणि ताईंकडे यायच्या आतच बाहेरचा माणूस कंटाळून ठेवून द्यायचा. माझ्या दारात आलेली हाक दारातच मरायची, आणि ते मी रोज बघायचे.

तक्रारी यायला लागल्या. लोक म्हणायचे, तुमच्याकडे फोन उचलत नाहीत. आता फोन उचलायचं काम कुणाचं? फोनताईंचं. मग चूक कुणाची? ताईंची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

ताईंनी तीन वेळा सांगितलं, की घंटी माझ्यापर्यंत येत नाही. तिन्ही वेळा जावईबापू म्हणाले, "सगळ्यांकडे वाजते, तुमच्याकडेच कशी वाजत नाही? जागेवर बसत जा." ताई जागेवरच होत्या. मी त्यांच्या पाठीमागे होते, मला विचारायचं होतं. त्यांनी चहाला उठणं सोडलं. डबा टेबलावर खायला लागल्या, एक हात मोकळा ठेवून. घशाला कोरड पडेल पण पाणी कमी प्यायच्या, उठायला लागू नये म्हणून. आणि समोरचा फोन गप्प. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. नवऱ्याचा एक पाय कामातून गेलेला आणि मुलगी परिचारिकेच्या शिक्षणाला. हे त्या कुणाला सांगायच्या नाहीत. घरी फोन करायच्या तेव्हा तो माझ्यातूनच जायचा, म्हणून मला ठाऊक. चोरून ऐकत नाही हो मी. कान दिलेत, ते बंद करायची सोय दिलेली नाही.

आणि एक दिवस, सकाळी दहाच्या सुमाराला, मुख्याध्यापिका आल्या.

निवृत्त बाई, सत्तरीच्या पुढच्या, हातात काठी. आमची लिफ्ट खाली उघडी असताना दोन मजले पायऱ्यांनी चढून आल्या. दारात उभं राहून दम घेतला आणि म्हणाल्या, "मालक कोण?"

थोरले नेमके त्या दिवशी ऑफिसात होते. बाहेर आले. मागून जावईबापू आले. मधले हात पुसत आले.

"काल मी आणि माझी थोरली बहीण आमच्या इमारतीत, तुमच्या लिफ्टमध्ये पन्नास मिनिटं अडकलो होतो," बाई म्हणाल्या. "बहिणीला दम्याचा त्रास आहे. तुमच्या पत्र्यावरचा नंबर मी नऊ वेळा लावला. शेवटी रखवालदारानं पहारीनं दार उचकटलं. बहीण दवाखान्यात आहे. आता बरी आहे, तुमच्या नशिबानं."

 मग जावईबापूंनी ताईंकडे बोट दाखवलं. नुसतं बोट. थोरल्यांचा चेहरा लाल झाला. "ताई, ही हद्द झाली," ते म्हणाले. "कितीदा सांगायचं? उद्यापासून येऊ नका."

ताई उठून उभ्या राहिल्या. "साहेब, काल माझ्या टेबलावर एकदाही घंटी वाजली नाही."

"खोटं," जावईबापू म्हणाले. "नऊ फोन! नऊच्या नऊ वेळा तुम्हाला ऐकू आले नाहीत?"

मित्रांनो, मला घंटीशिवाय तोंड नाही, आणि ती घंटीही माझ्या मर्जीची नाही. तेरा तारा पोटात असून मला एक शब्द बोलता येईना. असं वाटलं की चारी स्क्रू उपटून त्या फिरत्या खुर्चीवर जाऊन पडावं.

पण मुख्याध्यापिकांनी आयुष्यभर वर्गात खोटं कोण बोलतंय ते ओळखलेलं होतं. त्यांनी ताईंकडे बघितलं, जावईबापूंकडे बघितलं, आणि पिशवीतून आपला मोबाइल काढला. "मी दहा घंट्या मोजते आणि ठेवते," त्या म्हणाल्या. "काल नऊही वेळा तेच केलं. आता सगळ्यांनी गप्प उभं राहायचं."

 मधल्यांनी यंत्र बंद करायला सांगितलं. बाईंनी नंबर लावला.

हाक माझ्याकडे आली. मी शिकवलं तसं केलं. थोरल्यांच्या रिकाम्या केबिनमध्ये घंटी वाजली. एक, दोन, तीन, चार. थोरले स्वतः समोर उभे, तिकडे वळून बघताहेत. मग काचेच्या केबिनमध्ये. एक, दोन, तीन, चार. जावईबापू खिडकीबाहेर काहीतरी बघायला लागले. मग मागे कारखान्यात. एक, दोन.

"दहा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ताईंचा फोन टेबलावर तसाच होता. त्यानं हूं की चूं केलं नाही.

 आणि आधी तोंड उघडलं कुणी? जावईबापूंनी. "बघा, पेटीच खराब झालीय," ते म्हणाले. "जुना माल. आजच काढून नवी बसवू."

थोरल्यांना पळवाट मिळाली. ते माझ्यापाशी आले आणि माझ्या कुशीवर त्यांनी दोन थपडा मारल्या. "बरोबर आहे, पेटीच बिघडलीय. ताई, जाऊ दे, तुमचा दोष नाही. बसा."

किती सोपं होतं बघा. ताईंची नोकरी वाचली. जावयाचं नाक वाचलं. भावाचा मान वाचला. सगळा दोष माझ्या माथी, आणि मी काही परत बोलणारी नाही. ताईंनी नुसतं 'हो साहेब' म्हणायचं आणि बसायचं. त्या घरी जाऊन नवऱ्याला सांगू शकल्या असत्या की निभावलं. मी त्यांना दोष दिला नसता, खरंच सांगते.

ताई बसल्या नाहीत.

"पेटीला मारू नका, साहेब," त्या म्हणाल्या. "ती बिघडलेली नाही. तिला जसं सांगितलंत तशीच ती वाजली. आधी तुम्ही, मग जावईबापू, मग मधले साहेब. तेरा घंट्या मानाच्या झाल्या की चौदावी माझी. नवी आणलीत तरी तिलाही तुम्ही हेच शिकवणार. आणि मग परत कुणीतरी बहीण अडकेल."

"ताई, तोंड सांभाळून," जावईबापू म्हणाले.

"नऊ महिने सांभाळलं. त्याचं काय झालं ते या बाईंच्या बहिणीला विचारा."

मधले खाली मान घालून म्हणाले, "दादा, माझी पाचवी घंटी मीच मागितली होती. मला वाटलं, कुणी ना कुणी उचलतच असेल." असं म्हणणारा त्या खोलीतला तो पहिला माणूस. एवढं श्रेय मी त्यांना देते.

थोरले माझ्यापासून बाजूला झाले. मग म्हणाले, "ताई, पहिल्यासारखं करता येतं तुम्हाला?"

ताईंनी तारवाल्याला हे करताना दोनदा बघितलेलं होतं. त्यांनी आपला फोन पुढे ओढला. गुप्त आकडे दाबले, चांदणी दाबली, मी टीप केलं. एक आकडा चुकला. मी लांबच लांब सूर काढून 'परत कर' म्हटलं, त्यांनी परत केलं. पहिली घंटी ताईंकडे. चार घंट्यांनी मिस्त्रींकडे. बास. मी दोनदा टीप करून होकार दिला, आणि माझ्या उभ्या जन्मात एवढ्या जोरात होकार मी कुणाला दिला नव्हता.

मुख्याध्यापिकांनी परत नंबर लावला. ताईंच्या टेबलावर घंटी वाजली. ताईंनी दुसरी वाजायच्या आत उचलला. "बोला, घाबरू नका," असं सवयीनं तोंडातून निघून गेलं.

चार हात अंतरावर उभ्या असलेल्या बाई फोनमध्येच म्हणाल्या, "आता ऐकू येतंय."

थोरले घसा साफ करून म्हणाले, "चला, झालं ते झालं. ताई, लागा कामाला."

"अजून झालं नाही," ताई म्हणाल्या. "या बाईंसमोर मला खोटी म्हटलं. यांच्यासमोरच ते परत घ्या. नाहीतर मी उद्यापासून येत नाही, तुम्हीच सांगितलंय तसं."

थोरले भिंतीकडे बघून पुटपुटले, "ताई खरं बोलत होत्या."

"भिंतीकडे नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "ताईंकडे बघून. आणि वर्गात ऐकू जाईल असं."

थोरल्यांनी तसं म्हटलं. नीट म्हटलं. जावईबापू मात्र तोवर काचेआड जाऊन दार लावून बसले होते. त्यांच्या फोनवर आता बाहेरची घंटी येत नाही. अधूनमधून ते रिसीव्हर उचलतात, कानाला लावतात आणि परत ठेवतात. आत सूर आहे की नाही ते बघत असावेत. सूर आहे हो. नुसता सूरच आहे.

तर मित्रांनो, हे माझं आयुष्य. ताई खुर्चीत आहेत आणि मी भिंतीवर आहे. थोरल्यांनी ताईंची माफी मागितली, माझी कुणीच मागितली नाही. मला थपडा पडल्या त्या पडल्याच. मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

तुमच्या घरातही असतील माझ्यासारख्या चीजवस्तू. पंखा, घड्याळ, शिवणयंत्र, दाराची घंटी. चालेनाशा झाल्या की तुम्ही आधी हात उगारता. उगारू नका. धूळ पुसा, तारा बघा, आणि त्याहून आधी आठवा की तुम्ही तिला काय करायला सांगितलं होतं. आम्ही सांगितलं तेच करतो. आम्हाला मान कळत नाही, नाती कळत नाहीत, कोण थोरला आणि कोण जावई ते कळत नाही. ते कळणारी तुम्ही माणसं. म्हणून घंटी कुठे वाजवायची ते ठरवताना नीट बघा, की तिथे उचलणारं कुणी बसलंय का. कारण दुसऱ्या टोकाला दोन मजल्यांच्या मधे, काळोखात, कुणाची तरी बहीण घंट्या मोजत असते.